डावरा

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. वेरूळच्या तिसाव्या लेण्याच्या, म्हणजे छोट्या कैलासाच्या, दाराबाहेर कडुनिंबाच्या सावलीत चार माणसे जेवायला बसली होती. डागडुजीच्या कामावरचे मजूर होते ते. ज्वारीच्या भाकरी, लाल ठेचा आणि झाकणाच्या डब्यात घट्ट झालेले पिठले. आत माझ्याखेरीज कोणी नव्हते. मी भिंतीचा फोटो काढत होते. खरे तर भिंतीचाही नव्हे, तिच्यावर तिरक्या पडलेल्या उन्हाचा. त्यांच्यातला सगळ्यांत वयस्कर माणूस चूळ भरून, गळ्यातल्या पंच्याला हात पुसत आत आला आणि मी जिकडे मोबाइल धरला होता त्या भागावर त्याने तळवा ठेवला. तिथे कुठलेही शिल्प नव्हते, नुसता खडबडीत कातळ होता. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तो तळवा त्याने दोन-तीन वेळा वरून खाली फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ह्यो डावरा व्हता."

"कोण?"

"हितं काम केल्याला." एवढे बोलून तो तंबाखू मळत बाहेर गेला. मी त्याला थांबवायला हवे होते, विचारायला हवे होते. मी विचारले नाही. शिकलेल्या माणसाला असल्या वेळी जो एक अवघडलेपणा येतो, तो आला. आणि दुसऱ्या बाजूने शटल बसची शेवटची खेप चुकेल ही अगदी क्षुद्र काळजीही होती.

त्यानंतर कित्येक दिवस ते वाक्य माझा पाठलाग करत राहिले. वेरूळला मी लहानपणापासून इतक्या वेळा गेले आहे, की तिथले काही आता मला हलवून सोडेल असे वाटत नव्हते. शाळेची सहल, पाहुणे आले की घृष्णेश्वर आणि लेणी, लग्न झाल्यावर सासरच्या मंडळींना घेऊन पुन्हा तेच. या सगळ्या खेपांचा शिरस्ता ठरलेला असतो. सोळा नंबरला, म्हणजे मोठ्या कैलासात, दीड तास. मग दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांपैकी सुतार की झोपडी. आणि तोवर मुले भुकेजलेली, मोठ्यांचे पाय दुखायला लागलेले. तीस ते चौतीस ही जैन लेणी पार उत्तरेच्या टोकाला, दीडेक किलोमीटरवर. "ती राहू देत आता, पुढच्या वेळी," असे आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी म्हटले आहे. या वेळी मी एकटी होते, म्हणून गेले.

छोटा कैलास हा मोठ्या कैलासाकडे पाहून आरंभलेला आणि मध्येच सोडून दिलेला आहे. तसाच वरून खाली खोदत आणलेला चौक, मधोमध तसेच अखंड दगडातले द्राविड धाटणीचे मंदिर. पण ठेंगणे, अंग चोरून उभे राहिल्यासारखे. आत तीर्थंकर शांतपणे बसलेले आहेत, मात्र चौकाच्या कडेला कातळ नुसता टवके काढून सोडलेला. आधी मला त्याची कीव आली. थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या धाकट्याची येते तशी. मग त्या माणसाने हात ठेवला, आणि मी सकाळभर जे पाहत आले होते ते कुठल्या तरी दुसऱ्याच बाजूने पाहायचे राहून गेले आहे, असे वाटू लागले.

मोठ्या कैलासात घाव दिसत नाहीत. म्हणजे दिसतात, शोधले तर मागच्या उंच कड्यावर दिसतात, पण डोळा तिथे ठरत नाही. तो रावणाकडे जातो, वीस हातांनी डोंगर हलवणाऱ्या. भेदरून शंकराला बिलगलेल्या पार्वतीकडे आणि पाठ फिरवून पळत सुटलेल्या तिच्या दासीकडे जातो. ती दासी मला फार आवडते. साऱ्या देवादिकांत तेवढी एकटीच माणसासारखी वागते आहे. जोत्याचे हत्ती पाहावेत, नंदीमंडपाच्या दोन्ही अंगांचे स्तंभ पाहावेत, कुठे कुठे टिकून राहिलेला पांढरा गिलावा पाहावा आणि एके काळी हे सगळे खरोखरच हिमालयासारखे पांढरे दिसत असेल या कल्पनेने थक्क व्हावे. मागच्या बाजूला शंभर फुटांहून खोल गेलेला तो खड्डा, त्यातून काढलेला दीड-दोन लाख टन दगड, हे आकडे मार्गदर्शक सांगतात आणि लोक "अबब" म्हणतात. इतके पूर्ण, इतके निर्दोष काम समोर असले की ते कुणी केले हा प्रश्न पडत नाही. पडलाच तर त्याचे उत्तर राजाचे नाव असते. राष्ट्रकूटांचा पहिला कृष्ण, आठवे शतक. परीक्षेत दोन गुण.

बडोद्याला सापडलेल्या, राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्कराजाच्या ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. शके ७३४ चा, म्हणजे इसवी सन ८१२-१३ चा तो ताम्रपट. कृष्णराजाला जाऊन तेव्हा चाळीसेक वर्षे झाली होती. एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरचे ते देऊळ पाहून विमानातून जाणारे देवही चकित होतात आणि हे स्वयंभूच असले पाहिजे, माणसाच्या हातून असे होत नाही, असे म्हणतात. इथवर राजकवीचा नेहमीचा थाट आहे. पण पुढे तो कवी एकदम खाली उतरतो आणि ज्याने हे घडवले त्या स्थपतीकडे वळतो. पुन्हा असे काही करायला गेल्यावर त्याची शक्ती पुरी पडेना, आणि तो स्वतःच आश्चर्याने म्हणाला, "अरे, हे मी केले तरी कसे?" मला ही ओळ देवांच्या विमानांपेक्षा खरी वाटते. एखादे काम हातून उतरून जाते आणि नंतर आपल्यालाच त्याचा ठाव लागत नाही, ही ज्याने कधी काही केले आहे त्याची भावना आहे. कवीने ती लिहिली, माणसाचे नाव मात्र लिहिले नाही.

नाव नाही म्हटल्यावर लोकांनी ते पुरवले. आपल्याकडच्या जुन्या कथेत पैठणचा कोकस येतो. राजा बरा झाला तर शंकराचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असा राणीचा नवस. बाकीचे कारागीर महिन्यांचा हिशेब सांगतात, तोवर राणी जगणार कशी? कोकस म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो; आणि डोंगराच्या माथ्यावरून, शिखरापासूनच खोदायला सुरुवात करतो. पाया शेवटी. स्थापत्याचा सगळा उफराटा प्रकार एका उपाशी बाईच्या जेवणाशी आणून बांधणारी ही कथा ज्याने कुणी पहिल्यांदा रचली, तो नक्कीच बायकांच्या उपासांच्या घरात वाढलेला असणार.

आमच्या जालन्याच्या घरी टाकी लावणारी बाई यायची. वर्षातून दोनदा, उन्हाळी वाळवणाच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. "टाकीऽऽय, जात्याला, पाट्याला टाकीऽऽय" अशी आरोळी गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की आजी पाटा धुऊन, उन्हात वाळवून ओट्यावर ठेवायची. ती बाई मांडी घालून बसायची, पदराचे टोक दातांत धरायची आणि छोटी टाकी नि हातोडी घेऊन पाट्याच्या गुळगुळीत झालेल्या अंगावर ओळीने टिंबे पाडत जायची. टक्-टक्-टक् असा न थांबणारा, न वाढणारा आवाज. मध्येच एखादी ठिणगी. आणि घाव घातलेल्या काळ्या दगडाला येतो तो वास, जळकट, थोडासा विझल्या काडेपेटीसारखा. डोळ्यांत कण जाईल म्हणून आम्हाला लांब बसवायचे. काम झाले की वरच्या बाजूला ती एक मासा कोरायची. मासा का, हे मी तिला कधी विचारले नाही. नंतर चार दिवस चटणीत कचकच लागायची आणि वडील न बोलता पाणी प्यायचे.

एका वर्षी तिने पाटा पुढ्यात घेतला, तिरका करून उजेडाकडे धरला आणि आजीला म्हणाली, "वाटणारी डावरी हाय की तुमच्यात." पाटा एका अंगाने जास्त झिजला होता. आजी म्हणाली, "आमच्यात कुणी डावरे नाही." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. आत गेली आणि तिने भांडी वाजवायला सुरुवात केली, म्हणजे आम्ही ज्याला भांडी वाजवणे म्हणायचो ते.

हे मला छोट्या कैलासाच्या भिंतीसमोर आठवले नाही. तसे आठवले असते तर लिहायला सोयीचे झाले असते. ते आठवले तीन आठवड्यांनी, मिक्सरमध्ये खोबरे फिरवताना, आणि आठवले तेव्हा मी मिक्सर बंद करून उभीच राहिले.

जुन्या घरातले माणसाचे डावेपण कसे पुसले जाई, हे वेगळे सांगायला नको. जेवायला उजवा, द्यायला-घ्यायला उजवा, तीर्थ उजव्या तळहातावर, पोळी लाटताना तरी कोण बघते म्हणून दोन्ही. डाव्या हाताला आपण काम देतो तेही तोंड वाकडे करून देतो, आणि फारच सोपे काम असले की तो माझ्या डाव्या हातचा मळ आहे म्हणतो. ताटात मात्र चटणी-कोशिंबिरीला डावी बाजू मानाने दिलेली आहे, हा आपला एक गमतीचा विसंवाद. आईने सगळे नियम पाळले असणार. वरवंटा तेवढा दोन्ही हातांनी धरावा लागतो. तिथे कोणता हात जास्त जोर लावतो आहे हे सासूला दिसत नाही, शेजारणीला दिसत नाही. पंधरा वर्षे पाट्याने तेवढे मांडून ठेवले आणि टाकी लावणारीने ते एका नजरेत वाचले.

म्हणून त्या म्हाताऱ्या मजुराचे बोलणे मी उडवून लावू शकले नाही.

मी माझ्या परीने शहानिशा केली. पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका परिचित बाईंना फोटो पाठवले. त्यांनी आधी समजावून सांगितले, की उजव्या हाताचा पाथरवट हातोडा उजव्या हातात आणि टाकी डाव्या हातात धरतो, त्यामुळे उभ्या भिंतीवर त्याचे चर उजवीकडून डावीकडे उतरत येतात. डावऱ्याचे नेमके उलटे. माझ्या फोटोतले चर उलटे होते, हे त्यांनी मान्य केले. मी हुरळून गेले. मग त्या म्हणाल्या, की यावरून काहीही सिद्ध होत नाही. कोपरा पाहा. उजवीकडे भिंत असली तर उजवा हात मागे घ्यायला जागाच राहत नाही; तिथे प्रत्येकाला हात बदलावा लागतो. शिवाय माणूस उभा होता, बसला होता, की वरून लोंबकळत होता, यावर चराचा कल ठरतो. चांगल्या पाथरवटाचे दोन्ही हात चालतात. नाहीतर दाराच्या दोन्ही बाजूंचे द्वारपाल एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे होतील कशी? त्यांचे सगळे पटण्यासारखे होते आणि मला ते पटवून घ्यायचे नव्हते. त्या बाईंवर मी थोडी रागावलेसुद्धा, हेही कबूल करते.

जानेवारीत पुन्हा गेले. या वेळी कैलासाला बाहेरूनच हात जोडले आणि थेट टोकाला गेले. बत्तिसावे लेणे, ज्याला इंद्रसभा म्हणतात, ते आधी पाहिले, कारण सकाळचे ऊन तिथे लवकर सरते. त्या लेण्याला इंद्रसभा हे नाव गैरसमजाने पडले आहे. हत्तीवर बसलेला, वडाच्या झाडाखालचा तो यक्ष लोकांना इंद्र वाटला. मग समोरची, आंब्याच्या घोसांखाली सिंहावर बसलेली, मांडीवर मूल घेतलेली अंबिका आपोआप इंद्राणी झाली. मला त्या नावाचा राग येत नाही. वेरूळची बरीचशी नावे अशीच, बघणाऱ्यांनी आपापल्या घरातून आणलेली आहेत. कुंभारवाडा, तेल्याचा घाणा, सुतार की झोपडी, सीतेची न्हाणी. राजांच्या वंशावळी पंधराव्या लेण्याच्या शिलालेखात आहेत, पण कुंभार, तेली आणि सुतार यांची नावे लेण्यांना गावाने दिली.

इंद्रसभेचा वरचा मजला पाहून खाली आले की डोक्यात काहीतरी उलटे फिरते. वर सगळे पुरे झालेले आहे. छताला भले मोठे कमळ, रंगाचे उडालेले तुकडे, त्यांत कुठे एखादी तरंगणारी आकृती, घडीव खांब, पायांवरून मांड्यांपर्यंत वेली चढलेला बाहुबली आणि समोर सात फण्यांखाली, भोवतीच्या दंग्याकडे लक्ष न देता उभा असलेला पार्श्वनाथ. खालचा मजला मात्र बराचसा अपुरा. बांधलेल्या घरात हे होऊ शकत नाही. आधी वरचा मजला आणि मग, पैसे किंवा राज्य किंवा उमेद संपल्यामुळे, तळमजला राहून गेला, असे घर फक्त कातळातच असते. खालच्या अंधारात उभी राहून मी त्या माणसांचा विचार करत होते, ज्यांना एक दिवस कुणीतरी येऊन "उद्यापासून येऊ नका" असे सांगितले असेल. टाकी बोथट झाली होती की नुकतीच पाणी देऊन आणली होती? काळ्या कातळात तिची धार टिकत नाही. खोदणाऱ्यांच्या मागे भाता घेऊन लोहार बसलेला असणारच, आणि त्यालाही कुणीतरी ते सांगितले असेल.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" ही म्हण मी आयुष्यात किती वेळा वापरली असेल याची गणती नाही. मुलांना वापरली, नोकरीत नव्याने आलेल्यांना वापरली, एकदा एका निरोपसमारंभात टाळ्यांसाठी वापरली. त्या खालच्या मजल्यावर ती मला पहिल्यांदा खोटी वाटली. घाव सोसले ते दगड देव झालेच नाहीत. ते टोपल्यांतून बाहेर गेले, भराव झाले, माती झाले. देव होऊन राहिला तो घाव ज्याच्यापाशी येऊन थांबले तो दगड. त्याच्या वाट्याला शेवटचे, हलके, जपून घातलेले टोले आले. अर्थात ही म्हण रचणाऱ्याने सुट्या दगडाची मूर्ती पाहिली असेल, आणि म्हणीकडे इतके बारकाईने बघूही नये. तरी मी ती यापुढे कुणाला ऐकवीन असे वाटत नाही.

तिसाव्या लेण्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. या खेपेला मजूर नव्हते. कडुनिंबाखाली कुणीतरी खाल्लेल्या पेरूचा चोथा पडला होता आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. मी ती जागा शोधू लागले आणि माझ्या लक्षात आले, की मला ती सापडत नाही. ऑक्टोबरचे ऊन आणि जानेवारीचे ऊन एका कोनात पडत नाही. तेव्हा उठून दिसलेले चर आता सपाट झाले होते आणि भलतेच, दुसऱ्या भिंतीवरचे, उभारून आले होते. मोबाइलमधला फोटो समोर धरून मी वेड्यासारखी भिंतीभिंतीला फिरले. शेवटी जी जागा सापडली ती कोपऱ्यापासून बरोबर हातभर अंतरावर होती. हातभर म्हणजे परिचित बाईंच्या म्हणण्याप्रमाणे हात बदलावा लागेल इतकी जवळ, आणि माझ्या हट्टाप्रमाणे नाही लागणार इतकी लांब. हवेतल्या हवेत मी उजव्या हाताने हातोडा मारून पाहिला. कोपर भिंतीला लागले. एक पाऊल डावीकडे सरकले. लागले नाही.

चर जवळून पाहिले. बोटभर रुंदीचे, एकाखाली एक, वरच्या डाव्या अंगाकडून खालच्या उजव्या अंगाकडे उतरणारे. पहिले सात-आठ एका लयीत, मग एक आखूड, जणू टाकी सटकली. त्याच्या शेजारी नखाएवढा टवका उडालेला. आणि पुढे पुन्हा तीच लय, थोडी सावध. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा तो एवढासा चुकलेला टोला तिथे जसाच्या तसा होता. या कामात चूक लिंपून घेता येत नाही, फक्त तिच्यापर्यंत सगळी भिंत आत न्यावी लागते. ही भिंत पुढे कुणी आत नेलीच नाही, म्हणून ती चूक वाचली. पहारेकऱ्याने लांबून शिट्टी वाजवली, हात लावू नका म्हणून. बरोबरच होते त्याचे.

परतताना दौलताबादच्या अलीकडे गाडी थांबवून मी आईला फोन केला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे कुठे जात नाही, आणि माझ्या या खेपा तिला निव्वळ पेट्रोलची नासाडी वाटतात. मी तिला म्हातारा मजूर, चर, कोपरा, सगळे सांगितले आणि मग, जणू आत्ताच सुचल्यासारखे, विचारले, "आई, तू डावरी होतीस ना गं?"

"मी कुठली डावरी?" ती म्हणाली. "काहीतरीच तुझं. सगळं उजव्यानंच तर करते."

"पाटा एका बाजूनं झिजलेला, तो?"

"पाटा जुनाच होता. तुझ्या आजीच्या सासूचा. झिजणारच." मग तिने विचारले, अंजीर मिळतात का आता तिथे, की हंगाम सुरू व्हायचाय. मी म्हटले बघते. पुढे शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाचे, पाणी दोन दिवसांआड झाल्याचे बोलणे झाले. फोन ठेवणार इतक्यात ती म्हणाली, "ए, थांब."

"काय?"

"तो तुझा लेण्यातला माणूस. तो जेवत कोणत्या हातानं असेल गं?"